विश्वास, पण तपासता येणारा

नागपूरच्या मनीषनगरात पीएच.डी.ला रजिस्ट्रेशन झालेला माणूस शोधायला फार हिंडावं लागत नाही. नेहरू मार्गावर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, वर्धा रोडने पुढे गेलं की पांजरीला कापूस संशोधन संस्था, मिहानमध्ये एम्स, शहरात व्हीएनआयटी आणि 1923 पासूनचं विद्यापीठ. यांतल्या कुठल्या ना कुठल्या जागी शिकणारं किंवा शिकवणारं कुणीतरी शेजारीपाजारी निघतंच. आणि त्यांच्या फोनवर कधी ना कधी एक ठराविक मेसेज आलेला असतो: ‘पेपर पाठवा. आयएसएसएन आहे. पीअर रिव्ह्यूड आहे. इम्पॅक्ट फॅक्टर चांगला आहे. तीन दिवसांत स्वीकृती, आठवड्यात प्रकाशन. प्रत्येक लेखकाला स्वतंत्र सर्टिफिकेट.’

मेसेज चार ओळींचा असतो, पण त्यातल्या एकेका शब्दामागे चालत गेलं की माणूस कुठल्या कुठे पोचतो. वाटेत 1665 चं लंडन लागतं, रागावलेला आइनस्टाइन भेटतो, गोव्यात जन्मलेला एक अफाट गणिती भेटतो आणि औंढा नागनाथही लागतं. शोधपत्रिकांचे नियम म्हणजे कंटाळवाणी कलमं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यातलं जवळपास प्रत्येक कलम कुठल्या तरी फसवणुकीतून, चुकीतून किंवा भांडणातून जन्माला आलेलं आहे. सगळ्यात नवलाची गोष्ट ही, की मेसेजमधला प्रत्येक दावा घरबसल्या तपासता येतो. एक तर नुसत्या पेन्सिलीने.

छापायचं तरी कशासाठी?

आधी नागपूरचंच उदाहरण घेऊ. देशातल्या अनेक गावांच्या विहिरींत आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडं वाकतात, सांधे आखडतात. नीरीच्या शास्त्रज्ञांनी त्यावर एक स्वस्त उपाय काढला: पाण्यात ठराविक मात्रेत चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर टाका, ढवळा, गाळ बसू द्या, वरचं पाणी गाळून घ्या. या पद्धतीला ‘नलगोंडा तंत्र’ म्हणतात. तिची सविस्तर माहिती 1975 मध्ये छापून आली ती नागपूरहूनच निघणाऱ्या नीरीच्या स्वतःच्या शोधपत्रिकेत, ‘इंडियन जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ’मध्ये.

आता विचार करा. हा निबंध वाचणारा इंजिनीअर नागपूरला कधी आलेला नाही, लिहिणाऱ्यांना तो ओळखत नाही. तरी छापलेले आकडे प्रमाण मानून तो एका गावाच्या पिण्याच्या पाण्यात तुरटी टाकणार. आकडा चुकला तर भोगणार ते गाव. शोधनिबंध ही इतकी जोखमीची वस्तू आहे. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबायचं, तेही त्याच्या देशाची, भाषेची, जातीची, पदाची चौकशी न करता, हे माणसाच्या इतिहासात फार दुर्मीळ आहे. संपादकीय धोरण नावाचा सगळा डोलारा उभा आहे तो एवढ्यासाठी, की हा विश्वास आंधळा राहू नये.

आठवा आकडा

मेसेजमधला पहिला शब्द, आयएसएसएन. जगभरातल्या नियतकालिकांना मिळणारा हा आठ अंकी ओळख क्रमांक. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. आठ अंकांपैकी पहिले सात हा खरा क्रमांक. आठवा त्यांच्यावर पहारा ठेवायला बसवलेला आहे.

‘करंट सायन्स’ हे बंगळुरूहून 1932 पासून निघणारं नावाजलेलं नियतकालिक. त्याचा क्रमांक 0011-3891. शेवटचा 1 झाकून ठेवा. उरलेल्या सात अंकांना डावीकडून क्रमाने 8, 7, 6, 5, 4, 3 आणि 2 ने गुणा. उत्तरं येतात 0, 0, 6, 5, 12, 24 आणि 18. त्यांची बेरीज 65. पासष्टला 11 ने भागा, बाकी 10. अकरातून दहा गेले, उरला 1. झाकलेला अंक तोच!

आता मुद्दाम एक अंक बिघडवू. 8 च्या जागी 3 लिहू: 0011-3391. बेरीज होते 50, बाकी 6, आणि आठवा अंक यायला हवा 5. तिथे 1 आहे म्हणजे क्रमांक खोटा. आता 3 आणि 8 यांची अदलाबदल करू: 0011-8391. बेरीज 70, बाकी 4, आठवा अंक हवा 7. पुन्हा पकडला गेला. 11 ही मूळ संख्या असल्यामुळे कुठलाही एक अंक चुकला किंवा कुठल्याही दोन वेगळ्या अंकांची जागा बदलली, तरी हे गणित ते पकडतंच. बाकी शून्य आली तर आठवा अंक शून्य असतो, आणि उत्तर 10 आलं तर तिथे इंग्रजी एक्स लिहितात.

पण हा क्रमांक खरा निघाला म्हणून हुरळून जाऊ नये. जन्मदाखला खरा असला म्हणजे माणूस सज्जन असतोच असं नाही. आयएसएसएन पत्रिकेची ओळख सांगतो, लायकी सांगत नाही. आपल्याकडे ‘आयएसएसएनवाला पेपर’ हा शब्द प्रतिष्ठेचा होऊन बसला, आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच झाली.

आइनस्टाइनचा निबंध परत येतो

दुसरा शब्द, पीअर रिव्ह्यू. म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांकडून छापण्याआधी परीक्षण.

हेन्री ओल्डनबर्ग याने मार्च 1665 मध्ये लंडनहून ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं. त्याच वर्षी दोन महिने आधी पॅरिसला ‘जुर्नाल दे साव्हां’ निघालं होतं. शोधपत्रिकांचा जन्म तिथला. आजच्यासारखं परीक्षण मात्र तेव्हापासूनच होतं असं समजू नका. फार मोठा काळ काय छापायचं ते संपादक स्वतःच्या अकलेवर किंवा ओळखीच्या दोघांना विचारून ठरवत. डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा निबंध ‘नेचर’ने बाहेरच्या परीक्षकांकडे न पाठवताच छापला. ‘नेचर’मध्ये परीक्षण सक्तीचं झालं ते 1973 मध्ये. म्हणजे ज्याला आपण विज्ञानाचा सनातन नियम समजतो, तो आपल्यातल्या अनेकांच्या वयाचा आहे.

1936 मध्ये आइनस्टाइन आणि त्याचा तरुण सहकारी नेथन रोझेन यांनी अमेरिकेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’ला एक निबंध पाठवला. विषय गुरुत्वीय लहरींचा, आणि निष्कर्ष असा की अशा लहरी असूच शकत नाहीत. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाकडे धाडला. परीक्षकाने दहा पानी टिपण लिहून चूक दाखवली. आइनस्टाइन भडकला. छापायला दिलेला मजकूर छापण्याआधी तिऱ्हाइताला दाखवायची परवानगी मी दिली नव्हती, असं कळवून त्याने निबंध परत घेतला आणि दुसऱ्या पत्रिकेला दिला.

गंमत पुढे आहे. तो परीक्षक होता आइनस्टाइनच्या प्रिन्स्टनचाच हॉवर्ड रॉबर्टसन. आइनस्टाइनचा नवा सहकारी इन्फेल्ड याच्याशी गप्पा मारता मारता त्याने हीच चूक तोंडी समजावली, आपणच परीक्षक होतो याचा पत्ता न लागू देता. 1937 मध्ये निबंध छापून आला तेव्हा निष्कर्ष उलटा झालेला होता. परीक्षक रॉबर्टसनच होता, हे अभ्यासकांनी जुनी दप्तरं चाळून जाहीर केलं ते 2005 मध्ये. जवळजवळ सत्तर वर्षं नाव गुपित राहिलं.

गुरुत्वीय लहर माणसाने प्रत्यक्ष टिपली 14 सप्टेंबर 2015 ला, अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत. तशीच वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिला सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. ज्या लहरी नाहीतच असं आइनस्टाइन छापायला निघाला होता, त्या पकडायला मराठवाड्यात यंत्र बसणार आहे. आणि त्याला वेळीच अडवणाऱ्या माणसाला त्या कामाचं ना मानधन होतं ना श्रेय. आजही बहुतेक परीक्षक फुकटच काम करतात. आपला निबंध कुणीतरी असाच तपासला होता, म्हणून आता आपण दुसऱ्याचा तपासायचा, एवढाच त्यामागचा हिशोब.

एकच माणूस, तीन दारं

योग्य परीक्षक न मिळाल्यास काय होतं, हे पाहायला दामोदर धर्मानंद कोसंबींइतकं बोलकं उदाहरण नाही. 1907 मध्ये गोव्यात कोसबें इथे जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले, पुण्यात राहिलेले कोसंबी आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. पेशाने ते गणिती होते.

पहिलं दार 1931 चं. तेव्हा ते अलिगढला शिकवत होते. तिथला गणित विभागप्रमुख फ्रेंच गणिती आंद्रे व्हेय. विभागातल्या एका सहकाऱ्याची जिरवायची म्हणून व्हेयच्या सुचवणीवरून कोसंबींनी एक निबंध लिहिला आणि त्यात डी. बुर्बाकी नावाच्या, क्रांतीच्या धामधुमीत विषप्रयोगाने मेलेल्या एका रशियन गणितज्ञाचा हवाला दिला. असा माणूस कधी झालाच नव्हता. अलाहाबादच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेने निबंध छापला. हवाला कुणी उघडून पाहिला नाही. पुढे काही वर्षांनी व्हेय आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी निकोला बुर्बाकी या एकाच टोपणनावाने ग्रंथ लिहिले आणि विसाव्या शतकातल्या गणिताची मांडणीच बदलली. बुर्बाकी हे नाव गणिताच्या छापील साहित्यात पहिल्यांदा आलं ते मात्र कोसंबींच्या या थट्टेत. आज अनेक पत्रिका निबंधातल्या संदर्भांना डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, जोडायला सांगतात; असे बुर्बाकी मग सहज पकडता येतात.

दुसरं दार 1944 चं. फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना कोसंबींनी जनुकशास्त्रातला एक प्रश्न सोडवला: गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर कसं मोजायचं? ते काही जनुकशास्त्रज्ञ नव्हते. पण निबंध गेला त्या विषयाच्या लंडनच्या पत्रिकेकडे, जाणकारांसमोर. ‘कोसंबी मॅप फंक्शन’ आजही पिकांचे जनुकीय नकाशे काढताना वापरलं जातं.

तिसरं दार 1959 चं. रीमानचं गृहीतक ही गणितातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध अनुत्तरित समस्या; ती मांडून तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. कोसंबींनी तिची सिद्धता सापडल्याचा दावा केला, आणि तो छापला कृषी-सांख्यिकीच्या पत्रिकेत, ‘जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स’मध्ये. शेतीच्या आकडेवारीला वाहिलेल्या पत्रिकेकडे अंकसिद्धान्ताचा परीक्षक कुठून असणार? दावा टिकला नाही, आणि गणितज्ञांच्या जगात कोसंबींची पत घसरली ती घसरलीच. रीमानचं गृहीतक अजून सुटलेलं नाही.

प्रज्ञा तीच, जिद्द तीच. पत्रिका बदलली तसं फळ बदललं. आज प्रत्येक चांगल्या पत्रिकेच्या धोरणात ‘व्याप्ती’ नावाचं एक नीरस कलम असतं: आम्ही अमुक विषय घेतो, तमुक घेत नाही. ते कलम लेखकाला हाकलण्यासाठी नसतं. तपासायला आमच्याकडे माणूस नाही, हे कबूल करायचा तो प्रामाणिक मार्ग आहे. मराठी साहित्यापासून नॅनो तंत्रज्ञानापर्यंत सगळे विषय एकाच अंकात घेणारी ‘बहुविद्याशाखीय’ पत्रिका दिसली, की कोसंबींचा तो 1959 चा निबंध आठवावा.

लेखक कोण?

मेसेजमध्ये ‘प्रत्येक लेखकाला सर्टिफिकेट’ असतं. पण लेखक म्हणायचं कुणाला?

मुंबईहून 1993 पासून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’पुढे 2018 मध्ये हा प्रश्न फार विचित्र रूपात आला. या पत्रिकेचा विषयच वैद्यकीय नीतिमत्ता. तिने स्वीडनमधल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एचपीव्ही लशीशी संबंध सुचवणारा एक लेख छापला. लेखकाचं नाव लार्स अँडरसन, पत्ता स्टॉकहोमच्या प्रख्यात करोलिन्स्का संस्थेचा. काही दिवसांतच संस्थेने कळवलं: असा माणूस आमच्याकडे नाही. नाव बनावट, पत्ता बनावट. खरी ओळख उघड झाली तर जिवाला धोका आहे, असं लेखकाचं म्हणणं. संपादकांनी आधी पत्ता काढून, खुलासा जोडून लेख ठेवला. टीका वाढली तसा पुन्हा विचार केला आणि लेख मागे घेतला. नीतिमत्तेचीच पत्रिका चकली, तर बाकीच्यांची काय कथा! तिचं मोठेपण हे, की आपण कुठे कमी पडलो ते तिने वाचकांसमोर मांडलं.

त्याहून आपल्या रोजच्या ओळखीची भानगड म्हणजे ‘सरांचं नाव टाकावं लागतं’. वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. 1978 मध्ये व्हँकुव्हरला जमलेल्या संपादकांपासून तिची सुरुवात झाली. तिच्या नियमाप्रमाणे लेखक म्हणवून घ्यायला चार गोष्टी लागतात: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत सहभाग, शेवटच्या मसुद्याला संमती आणि संपूर्ण निबंधाची जबाबदारी. चारांपैकी तीन असून चालत नाही. प्रयोगशाळा वापरू दिली, निधी आणून दिला, विभागप्रमुख आहेत, तर आभार माना. लेखकांच्या यादीत बसवू नका. चौथ्या अटीमुळेच संपादकांच्या नीतिसमितीने, म्हणजे ‘कोप’ने, 2023 मध्ये स्पष्ट केलं की एआयचं नाव लेखक म्हणून देता येणार नाही. यंत्राला जाब विचारता येत नाही.

चोरी पकडली, पुढे काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने, यूजीसीने, 2018 मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आणले. प्रबंधातलं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्क्यांना सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. 40 ते 60 ला वर्षभर बंदी. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. तेव्हापासून प्लेगॅरिझम रिपोर्टचा आकडा खाली आणणं हा एक धंदाच होऊन बसला. शब्दांची उलटापालट केली की आकडा उतरतो. दुसऱ्याची कल्पना उचलली की सॉफ्टवेअर गप्प बसतं.

चित्रांचं प्रकरण आणखी अवघड. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून 2005 मध्ये अमेरिकेच्या एका प्रतिष्ठित जीवरसायन पत्रिकेत निबंध आला. प्रथिनांच्या चाचणीत फिल्मवर काळसर पट्ट्या उमटतात. या निबंधातल्या काही पट्ट्या त्याच गटाच्या आधीच्या निबंधातल्या पट्ट्यांसारख्या आहेत, अशी निनावी तक्रार आली. शास्त्रज्ञांनी आरोप नाकारले. पत्रिकेने 2007 मध्ये निबंध मागे घेतला. भारतात नेमलेल्या तज्ज्ञ समितीला मात्र गैरप्रकार दिसला नाही. पुढे 2010 मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने संबंधित शास्त्रज्ञाला आपल्या उपक्रमांत भाग घ्यायला तीन वर्षांची बंदी घातली. चित्रं तीच, निर्णय वेगवेगळे. म्हणूनच आता अनेक पत्रिका मूळ, न कापलेल्या प्रतिमा आधीच मागून घेतात.

मागे घेतलेला निबंध जातो कुठे? तर कुठेच नाही, आणि हेच मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत सुंदर वाटतं. तो जागेवरच राहतो. पानापानावर ‘मागे घेतला’ असा शिक्का बसतो, कारण सांगणारी टीप जोडली जाते, आणि शंभर वर्षांनी येणाऱ्यालाही काय चुकलं होतं ते वाचता येतं. 2023 या एका वर्षात जगभरात 10,000 हून अधिक निबंध मागे घेतले गेले. हा आकडा ऐकून विज्ञानावरचा विश्वास डळमळतो खरा. पण चुकीच्या बातम्या, चुकीचे निकाल, चुकीचे आदेश असे शिक्के मारून चारचौघांत मांडून ठेवणारी दुसरी कुठली व्यवस्था आहे, ते सांगा.

पैसा उलटा वाहू लागला

पूर्वी शोधपत्रिकेचे पैसे वाचक भरायचा, म्हणजे ग्रंथालयं वर्गणी भरायची. इंटरनेट आल्यावर ‘मुक्त प्रवेश’ ही उदात्त कल्पना आली: वाचकाला फुकट, छपाईचा खर्च लेखकाकडून. हेतू चांगला होता, पण पैसा ज्या बाजूने येतो त्या बाजूला नाही म्हणणं जड जातं. नकार दिला की उत्पन्न बुडालं.

‘सायन्स’चा पत्रकार जॉन बोहॅनन याने 2013 मध्ये ढोबळ चुकांनी भरलेला एक बनावट निबंध 304 मुक्त-प्रवेश पत्रिकांना पाठवला. 157 जणांनी तो स्वीकारला. नाकारणारे निघाले 98. या पत्रिकांतल्या सुमारे एक तृतीयांश भारतातल्या होत्या. 2019 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन समूहाला फसव्या व्यवहारांबद्दल पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला.

आपल्याकडे हे पीक फोफावलं त्याला खत नियमांनीच घातलं. 2010 पासून प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुण लागू झाले, आणि पीएच.डी.चा प्रबंध जमा करण्याआधी निबंध छापून येणं सक्तीचं होतं. ही सक्ती उठली ती 2022 मध्ये. मधल्या काळात हजारो लोकांना ठरलेल्या तारखेच्या आत ‘पेपर काढायचा’ होता. मागणी तयार होती, दुकानं उघडली.

यूजीसीने मान्य पत्रिकांची यादी केली. विद्यापीठांनी सुचवलेली नावंही तिच्यात आली. मग पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी या सुचवलेल्या पत्रिकांपैकी काही निवडून एकेक करून उघडून पाहिल्या. मार्च 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये, म्हणजे ज्याचा आठवा अंक आपण मघाशी तपासला त्यातच, त्यांचा निष्कर्ष आला. तपासलेल्या 1,009 पत्रिकांपैकी 34.5 टक्के पहिल्याच पायरीवर बाद: पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं, यांतलं काहीतरी चुकीचं किंवा गायब. आणखी 52.3 टक्के पत्रिकांची माहिती खोटी: चुकीचा आयएसएसएन, बनावट इम्पॅक्ट फॅक्टर, लायकी नसलेले संपादक. कसोटीला उतरल्या फक्त 112.

त्याच वर्षी यूजीसीने यादीतून 4,305 पत्रिका काढून टाकल्या आणि ‘केअर’ ही नवी व्यवस्था जाहीर केली. तिचं काम पुणे विद्यापीठातून चाले. पुढे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही सक्तीचा झाला. पण यादी म्हटली की तिच्यात शिरायची धडपड आली, यादीतल्या जुन्या पत्रिकांच्या नावाने हुबेहूब नकली संकेतस्थळं आली. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअर यादी बंद केली. आता पारख करायची जबाबदारी संस्थांवर, म्हणजे पर्यायाने तुमच्या-आमच्यावर.

तुमच्या हातात काय आहे?

बरंच काही. आयएसएसएनचं गणित कागदावर करा, मग तो क्रमांक आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर शोधा आणि नाव जुळतं का पाहा. इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा असेल तर एवढं लक्षात ठेवा: आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी किती हवाले मिळाले, त्याला त्या लेखांच्या संख्येने भागून तो काढतात. दोन वर्षांत 100 लेख आणि त्यांना 150 हवाले, तर 1.5. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट या एकाच कंपनीच्या वार्षिक अहवालात असतो. मिळत्याजुळत्या नावाचे बाकी सगळे आकडे दुकानातले. ‘कोप’चे सदस्य आहोत म्हणत असतील तर कोपच्या संकेतस्थळावरची यादी उघडा. मागच्या अंकातले दोन निबंध वाचा. तुम्हालाच त्यात ढळढळीत चुका दिसल्या तर तिथल्या परीक्षकांना काय दिसत असेल, ते ओळखा. तीन दिवसांत स्वीकृती म्हणजे परीक्षण झालेलंच नाही. रॉबर्टसनची दहा पानं तीन दिवसांत येत नसतात.

आणि एक शेवटचं सांगणं. पैसे पाठवायच्या आधी पत्रिकेचं धोरणाचं पान पूर्ण वाचा. शुल्क किती, परीक्षण कसं, लेखक कुणाला म्हणतात, चुकीचा निबंध मागे कसा घेतात, ही चार उत्तरं तिथे असायलाच हवीत. मग संपादक मंडळातला एखादा प्राध्यापक निवडा, त्याच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्याचा ईमेल काढा आणि सरळ विचारा: आपण खरंच या मंडळावर आहात का? ‘नाही’ असं उत्तर आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर आपला पेपर तिथे पाठवू नका.